चौथा रकाना

सोमवार, ता. ४

आज देवाचे नाव घेऊन नोकरीवर रुजू झाले. लग्नाला अठरा वर्षे झाली, मॅट्रिकला त्याहून जास्त, आणि आता कुठे माझ्या नावाची पाटी एका टेबलावर लागली. पाटी म्हणजे चिकटपट्टीने लावलेला कागदाचा चिटोराच, पण जाता-येता मी तो तीनदा वाचला.

काम बसून आहे. ही कंपनी संगणकावरचे खेळ करते. त्यांचा एक खेळ सध्या फार चालतो. एका शहरात डायनोसॉर शिरलेले असतात आणि खेळणाऱ्याने बंदूक घेऊन त्यांना मारत सुटायचे. पडद्यावर आपल्याला फक्त बंदुकीची नळी आणि ती धरलेले हात दिसतात, म्हणजे जणू आपणच तिथे उभे. मला तो खेळायचा नाही, देवाची कृपा. खेळणारे लोक त्याबद्दल मते लिहून पाठवतात, ती वाचून दर मतामागे पडद्यावर एक चिठ्ठी भरायची. चिठ्ठीत चार रकाने: काय आवडले, काय आवडले नाही, काय हवे, आणि चौथा 'उदाहरण'. भरलेल्या चिठ्ठ्या वरच्या मजल्यावर जातात. तिथे खेळ घडवतात. एकाच मागणीच्या तीनशे चिठ्ठ्या झाल्या की वरचे ती मान्य करतातच, हा इथला नियम.

शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाली बसते. गोड मुलगी आहे. तिने सांगितले की चौथा रकाना कोणीच भरत नाही, खुशाल सोडून द्या.

इथे एका बाजूला छापलेले कागद सरळ केराच्या टोपलीत टाकतात. माझा जीव कळवळला. विचारून एक गठ्ठा घरी आणला. या पाठकोऱ्या कागदांवरच रोजनिशी लिहायला घेतली आहे.

सासूबाई कंबरेचे हाड मोडल्यापासून आतल्या खोलीत पलंगाला खिळून आहेत. हे बोटीवर, आणखी पाच महिने यायचे नाहीत. माझी वेळ दहा ते चार. तेवढ्यात खालची शिंपीणबाई दोनदा वर येऊन त्यांना औषध-पाणी देईल. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या की आता तू साहेबीण झालीस, मला पाणी प्यायचे तर अर्ज करावा लागेल. अर्ज साध्या कागदावर चालेल का, हेही विचारून घेतले.

मंगळवार, ता. ५

दिवसभरात एकशे चौदा मते वाचली. काय एकेक नमुने! एकाने लिहिले आहे, 'बायको माहेरी गेल्यावर खेळायला बसलो, ती परत आली ते मला चौथ्या दिवशी कळलं.' दुसऱ्याची तक्रार की डायनोसॉरच्या मानेत गोळी मारली तर तो नुसता पाय झाडत पडतो, आतडी बाहेर येत नाहीत, ही फसवणूक आहे. मी 'काय हवे' या रकान्यात 'आतडी' असे लिहिले आणि मनात देवाची क्षमा मागितली.

सगळ्यांचा लाडका एक आहे, त्याला ते कोयत्या म्हणतात. माणसाएवढा उंच, दोन पायांवर धावतो, मागच्या पायाला कोयत्यासारखे नख. त्या नखाने तो माणसाला उभा फाडतो. त्याच्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. लोक स्वतःच्या मुलांचे इतके कौतुक करत नसतील.

शुक्रवार, ता. ८

या आठवड्यात एकच रडगाणे सारखे येते आहे. खेळातली माणसे खरी वाटत नाहीत. 'घरं रिकामी. माणसं एकाच आवाजात ओरडतात. मरताना कुणाला कुणाची आठवणसुद्धा येत नाही.' या तक्रारीच्या तीनशेच्या वर चिठ्ठ्या गेल्या.

मी लग्नापासून घरचे हिशेब लिहिते. रकाना रिकामा राहिला की मला काहीतरी चोरल्यासारखे वाटते. चार दिवस सोडला, आज राहवले नाही. खरे घर कसे असते याचे उदाहरण मागतात, तर दुसऱ्यांची घरे मला काय ठाऊक? आपलेच लिहिले. खाली शिंपीणबाईचे दुकान, बाजूने अकरा पायऱ्यांचा जिना, दाराची कडी जरा उचलून मगच सरकते. आत पलंगावर म्हातारी. ती दर थोड्या वेळाने हाक मारते, 'अगं, आहेस का गेलीस?'

हे लिहिताना मला हसू येत होते.

मंगळवार, ता. १२

साहेबांनी स्वतः टेबलाशी येऊन शाबासकी दिली. वरच्यांनी विचारले म्हणे, चौथा रकाना कोण भरते? इतकी वर्षे रिकामा येत होता. आणखी पाठवा म्हणाले. चष्मेवालीने डोळे मिचकावले आणि मावशी, आता आमची धडगत नाही, म्हणाली.

दिवसभर तेच लिहिले. शिंपीणबाई दोरा दाताने तोडते. तिच्या दुकानासमोर इस्त्रीवाला, तो कपड्यांशी बोलतो. सासूबाईंच्या गोधडीला कापराचा वास येतो. आमच्या घरात काय काय आहे ते लिहू लागले तेव्हा मलाच नवल वाटले की आपले एवढे आहे.

सोमवार, ता. १८

खेळाचा नवा भाग आज सकाळी आला. नाव 'जिना'. दुपारपर्यंत दोनशे मते, बहुतेक सगळी स्तुती.

'म्हातारीची हाक ऐकून अंगावर काटा आला.'

'शिंपीण दोरा दाताने तोडते! कसलं बारीक काम केलंय!'

सुरुवातीला मला अभिमान वाटला, खोटे कशाला लिहू? मग पुढचे वाचले. खेळणारा गल्लीच्या तोंडाशी बंदूक घेऊन उभा असतो. कोयत्या दुकानात शिरतो. तेव्हाच गोळी घातली तर शिंपीण वाचते, पण कोयत्या चपळ असतो, गोळ्या फार लागतात आणि गुण थोडे मिळतात. त्याला पोटभर खाऊ दिले की तो सुस्त होतो. मग एका गोळीत काम. म्हणून सगळे एकमेकांना सांगतात, 'घाई करू नका. शिंपिणीचा आवाज बंद होईपर्यंत थांबा.'

दोनशेंतल्या एकानेही आधी गोळी झाडली नव्हती. मी पुन्हा मोजून पाहिले.

घरी येताना दुकानाशी थांबले. शिंपीणबाई मशीनवर वाकलेली होती. उगाचच तिच्याशी बोलत बसले. ती म्हणाली की नोकरी लागल्यापासून तुम्हाला माणसांची किंमत कळायला लागलेली दिसते.

मंगळवार, ता. १९

शिंपीणबाई गेली.

सकाळी साडेनऊला मी जिना उतरत होते. सातव्या पायरीवर मशीनचा आवाज थांबला. मग ती ओरडली, एकदाच, आणि मग काही ओले फाटल्याचा आवाज. मी पायरीवरच बसले. किती वेळ गेला कळले नाही. खाली गेले तेव्हा तिला गळ्यापासून ओटीपोटापर्यंत उभे चिरलेले होते. मशीन आडवे पडले होते आणि तिचा एक हात त्याच्या चाकाखाली होता, एकटाच. पांढऱ्या कापडाच्या ताग्यावर रक्ताची पावले उमटली होती. तीन बोटांची. माझ्या हाताच्या पंजापेक्षा मोठी.

पोलीस म्हणाले बिबट्या असेल. इस्त्रीवाला म्हणाला की कसला बिबट्या, गल्लीच्या तोंडाशी एक माणूस लांब बंदूक घेऊन उभा होता. याने त्याला जीव तोडून हाका मारल्या, अरे मार, मार. त्याने मान वळवली नाही. नुसता बघत उभा राहिला. तिचा आवाज बंद झाल्यावर त्याने एक गोळी झाडली, आणि मग तिथे ना तो होता, ना जनावर.

सासूबाईंना मी शिंपीण गावी गेली एवढेच सांगितले. त्या म्हणाल्या, सांगून नाही गेली ती? मी गोधडी सारखी करत राहिले आणि उद्याचे औषध-पाणी त्यांच्या हाताशी मांडून ठेवले.

बुधवार, ता. २०

साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी पाणी दिले, खुर्ची दिली, आणि म्हणाले की बाई, हा खेळ आहे. तुम्ही जवळचे माणूस गमावले आहे, दोन दिवस रजा घ्या.

मी वर गेले. वरच्यांना हात जोडून सांगणार होते की माझे उदाहरण परत घ्या. वर माणसे नाहीत. एक लांब थंड खोली, कपाटांसारखी यंत्रे, हिरवे दिवे. एक खुर्ची नाही. परत येऊन विचारले तर साहेब म्हणाले, वरचे म्हणजे वरचे, त्यांना मी तरी कुठे पाहिले आहे.

आजच्या मतांत लिहिले आहे, 'आता इस्त्रीवाला पण आलाय. गरम इस्त्री फेकून मारतो, भारी. मग कोयत्या त्याचं तोंड खातो.'

तशीच धावत गल्लीत आले. इस्त्रीवाल्याला म्हटले, उद्या दुकान उघडू नका, पाया पडते. तो हसला. म्हणाला, ताई, या शर्टाला विचारतो, शर्ट हो म्हणाला तर बंद.

गुरुवार, ता. २१

इस्त्रीवाला. सकाळी पावणेदहा. तोंड राहिले नाही. इस्त्री जिन्याच्या पायथ्याशी पडली होती, तिला कातडे चिकटले होते. हिरवट, खवल्यांचे. मी स्वतः पाहिले.

बंदूकवाले आज तीन होते. मी खिडकीतून ओरडले, देवाशपथ, आत्ताच मारा, आत्ताच! एकाने वर पाहिले. चेहऱ्यावर काही नव्हते. आपण चित्राकडे बघतो तसे त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा इस्त्रीवाल्याकडे.

कार्यालयात गेले. आजची मते:

'वरचं दार फुटत नाही. म्हातारीचा आवाज येतो पण कोयत्या पोचत नाही. हा काय चावटपणा?'

'दार फोडा. म्हातारी हवी.'

माझ्या वाट्याला अशी एकसष्ट आली. एकसष्टही मी 'काय आवडले' मध्ये टाकली. लिहिले, दार आवडले. आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली. देवा, ही माझ्या नावावर मांड.

शुक्रवार, ता. २२

उपयोग झाला नाही. चष्मेवालीकडे तसलीच ढीगभर आली होती. तिने इमानाने भरली. तीनशे पुरी झाली. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे सोमवारी दार फुटणार. तिचा काय दोष? तिला सांगितले तर ती रडली, आणि मग म्हणाली मावशी, तुम्ही झोपत नाही का हो?

साहेब म्हणतात, म्हातारी वरच्यांना फार आवडली आहे.

शनिवार, ता. २३

सासूबाईंना हलवले. गाडी करून थोरल्या नणंदेकडे, दीड तासाच्या वाटेवर. गोधडी घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. खड्डा आला की कळवळत होत्या, आणि मला म्हणत होत्या की अडगळ टाकायची तर जवळ टाकायची होतीस, एवढे भाडे कशाला भरलेस? मी त्यांचा हात सोडला नाही. वन्संनी पलंग खिडकीशी लावला. त्यांच्या दोन्ही लहान मुली लगेच आजीला चिकटल्या.

आता दार फुटू दे. आत कोणी नाही. मी वन्संकडे राहिले नाही, सोमवारची मते वाचणे भाग आहे.

सोमवार, ता. २५

दहा वाजून वीस मिनिटे. दार सकाळीच फुटले. मी बसथांब्यावर होते, तिथवर आवाज आला. मागे वळले नाही.

मते वाचते आहे.

'दार फुटतं आता. पण म्हातारी घरात नाही. आधी राग आला, मग कळलं, कोयत्या वासावर जातो! कापराचा वास! त्याच्या मागे पळत राहायचं. लांब आहे पण मजा येते.'

'पिवळ्या फाटकाचं घर सापडलं.'

वन्संचे फाटक पिवळे आहे. ते मी कधीच कुठल्या रकान्यात लिहिले नव्हते.

'म्हातारी खिडकीशी आहे. दोन लहान मुली पण आहेत. कोयत्याने आधी मुलींना

मला पुढचे उतरवता येत नाही.

आजचे मत म्हणजे उद्याची सकाळ. वन्संना फोन केला, सगळे सांगितले, सगळ्यांना घेऊन निघा म्हटले. त्या म्हणाल्या, आईला परत गाडीत घातले तर ती वाटेतच जाईल, आणि कुठे जाऊ, वास तर तिच्या अंगालाच मुरलाय, बरोबरच येणार ना? म्हणजे त्यांचा विश्वास बसला होता.

दुपारी दोन. एकच मार्ग दिसतो. वरचे मागणी मोजतात, मागणारा मोजत नाहीत. आणि साहेब सकाळीच म्हणाले, आता तीनशे झाल्या की वरचे लगेच करतात, वाट बघत नाहीत. मी चिठ्ठ्या भरायला बसले आहे. मत कोणाचे नाही, चिठ्ठ्या माझ्या.

काय आवडले नाही: म्हातारी, मुली, लांबचे घर.

काय हवे: सून. जिन्याच्या घरात. एकटी.

चौथा रकाना: उंची बेताची, उजवा खांदा थोडा उतरलेला, टेबलाशी बसून लिहिते, मनात देवाचे नाव घेते. पळणार नाही.

साडेतीन. दोनशे तीस. बोटे वाकत नाहीत. चष्मेवालीने माझ्या पडद्याकडे पाहिले आणि तिच्या टेबलावर बसून तेच भरायला लागली. मी नको म्हटले. तिने चष्मा काढून ठेवला आणि भरत राहिली.

पावणेचार. तीनशे.

मंगळवार, ता. २६

सकाळी आठला कार्यालयात. झाले. म्हातारी काढली, सून घातली. पिवळे फाटक कोणालाच सापडत नाही.

वन्संना फोन. सगळी सुखरूप. सासूबाईंनी पेजेत मीठ कमी म्हणून वाटी परत पाठवली. देवा, तुझे उपकार.

निघताना शेवटची मते वाचायला नको होती. वाचली.

'सून नुसती बसून असते. पुटपुटते. फाडली तरी ओरडत नाही. यापेक्षा म्हातारी बरी होती.'

'म्हातारी परत आणा.'

'म्हातारी आणि मुली परत आणा.'

नऊ वाजता अशी एकशे नव्वद होती. चष्मेवाली म्हणाली ती भरणार नाही, पण साहेबांनी दुसऱ्या दोघींना बसवले आहे. मी घरी आले. फुटलेल्या दाराला टेबल लावून बसले आहे.

मनाशी ठरवले होते, नाव घेत शांत मरायचे. तेवढे तरी माझे असेल.

गल्लीत ते आले. आठ. नाही, अकरा. बंदुका खाली. सगळे वर बघतात.

त्यांना जे दिसेल त्यावरच ते मत देणार. आज. थोड्या वेळाने.

जिन्यावर — तीन पायऱ्या — थांबला. वास घेतो आहे —

मी गप्प राहिले तर तीनशे भरणार. दुपारपर्यंत भरणार. मुली —

मला ओरडायला हवे. मोठ्याने. त्यांना आवडेल असे. पुष्कळ वेळ. लवकर मरून चालणार नाही —

देवा, नाव नंतर घेते, आता आवाज दे —

टेबल सरकले. नख आधी दिसले, मग

त्याचा डोळा पिव